'व्हय' म्हणायचं नाही

आमच्या सेक्शनमध्ये 'व्हय' म्हणायला बंदी आहे. नवीन माणूस बदलून आला की हे ऐकून हसतो आणि विचारतो, "मग 'हो' म्हणायचं का?" 'हो' पण नाही. मान हलवायची नाही, अंगठा दाखवायचा नाही. समोरच्यानं जे सांगितलं ते आपल्या तोंडानं पुरतं सांगायचं. "शाळेजवळच्या डीपीचा फ्यूज बदलायचाय, समजलं का?" असं कुणी म्हणालं, तर "शाळेजवळच्या डीपीचा फ्यूज मी बदलतो, दुपारच्या आत," असं म्हणायचं. ह्यात वेळ जातो, जांभया येतात, आणि बाहेरचं कुणी ऐकत असेल तर त्याला आम्ही पाढे म्हणणारी पोरं वाटतो. वाटलो तर वाटलो.

ही बंदी घातली शरणप्पा बिराजदारांनी. आमचे आप्पा. वीज कंपनीत प्रधान तंत्रज्ञ म्हणजे सगळ्या वायरमनांचे मुकादम म्हणा. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्या 'नेतृत्वगुणां'वर एकामागून एक भाषणं झाली. शाल, नारळ, फेटा सगळं झालं. भाषणं ऐकून माझं डोकं उठलं, कारण बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते गुण कुठून आले ह्याची काही कल्पना नव्हती आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवायचं नव्हतं. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. मी वैष्णवी, मूळची तेरची, ह्या सेक्शनमधली एकुलती एक बाई वायरमन. पोलवर चढता येतं, लिहिता कितपत येतं ते तुम्ही ठरवा.

आमचा भाग नळदुर्ग आणि लोहाऱ्याच्या मधला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात आणि त्यांना रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं आप्पांच्या घरी कानडी चालते. कपाळावर विभूती, अंगानं उंच, आणि शिडी वाहून वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आलेला. बोलणं कमी. रागावले तर ओरडत नसत, फक्त समोरच्याला 'अहोजाहो' करायला लागत, आणि मग त्याचं काही खरं नसे.

आप्पांची सोमवारची मिटिंग पूर्वी सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. सबस्टेशनच्या आवारात लिंबाखाली सगळे उभे राहायचे. आप्पा कामं सांगायचे आणि प्रत्येक कामाच्या शेवटी विचारायचे, "समजलं का?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "व्हय." कपातला चहा निवायच्या आत मिटिंग संपायची. शेजारच्या सेक्शनच्या मिटिंगा दुपारपर्यंत रेंगाळायच्या, तिथं रुसवेफुगवे व्हायचे, कुणी कुणाच्या अंगावर जायचं. साहेब लोक त्यांना सांगायचे, बिराजदारांकडून शिका. मलाही ते फार आवडायचं. मला मुळातच बोलणाऱ्या माणसांचा कंटाळा आहे. पक्कड घ्यावी आणि कामाला लागावं, एवढीच माझी समज होती.

त्या 'व्हय'बद्दल एक सांगायला हवं. आमच्या भागात होकाराला तीन शब्द. आप्पांच्या घरी 'हौदु', अल्ताफच्या घरी 'हौ', आणि घराबाहेर पडलं की सगळ्यांचा 'व्हय'. हा 'व्हय' फार उपयोगी. हाक मारली तर 'व्हय'. पटलं तर 'व्हय'. पटलं नाही पण वाद नको, तरी 'व्हय'. शेवटी जरा सूर वर नेला की तोच शब्द सवाल होतो: 'व्हय?' म्हणजे 'असं का? खरंच?' जन्मल्यापासून आम्ही हा शब्द ऐकतो, त्यामुळं कुठला 'व्हय' कुठल्या अर्थाचा हे समोर तोंड दिसत असेल तर कधी चुकत नाही. आम्ही धरून चाललो होतो की तोंड दिसत नसलं तरी चुकणार नाही.

आता अल्ताफ. अल्ताफ शेख, माझ्याहून वयानं थोडा मोठा, लग्न ठरत आलेलं. घरी आई, हुसेनबी चाची, आणि तो, दोघंच. मी नवीन आले तेव्हा बाई म्हणून कुणी मला पोलजवळ येऊ देईना. अल्ताफनं कमरेचा पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चढ. खाली बघू नको, तारंकडं बघ. खाली म्या हाय." खरंच तो मी उतरेपर्यंत मान वर करून उभा राहिला. मानेत उसण भरली म्हणून दोन दिवस कुरकुरत होता. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहायला गेले तर माझ्यानं लिहवणार नाही.

ज्या सोमवारी तो गेला, त्या सकाळीही मिटिंग झाली. आप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "परमिट घेतल्याबगर कुणी चढत न्हाय नव्हं?" आम्ही म्हणालो, "व्हय." परमिट म्हणजे चढण्याआधी सबस्टेशनमधल्या ऑपरेटरला फोन करून लाईन बंद करून घ्यायची, त्यानं बंद केल्यावर दिलेला नंबर घ्यायचा आणि मगच शिडी लावायची. मग आप्पांनी विचारलं, "अर्थिंगचा दांडा सगळ्यांकडं हाय नव्हं?" आम्ही म्हणालो, "व्हय." हा दांडा तारांवर अडकवायचा असतो, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते. आमच्या दोन टोळ्या होत्या आणि दांडा एकच होता. दुसरा कधीचा मोडला होता. हे सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी नळदुर्गच्या बाजूला एका शेतातल्या पोलवर तार जोडायला अल्ताफ चढला. लाईन चालू होती. दांडा नव्हता. शेतकरी धावत आला तोवर सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. त्या दिवशी ऑपरेटरच्या ड्युटीवर योगीराज होता. अल्ताफचा दोस्त, दोघं एकाच डब्यात जेवणारे. योगीराजनं जबाब दिला की अल्ताफचा फोन आला होता, पण आवाज तुटत होता, बोलणं काही झालं नाही. मग निष्कर्ष काढायला कुणाला फार विचार करावा लागला नाही: मयत कर्मचारी परवानगी न घेता चढला. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे अशा वेळी सगळ्यांच्या सोयीचं पडतं.

गावात ते वेगळ्या भाषेत पोचलं. पोरगं बेफिकीर होतं. घाई नडली. हुसेनबी चाचीला हे पिठाच्या गिरणीत ऐकायला मिळालं. दळण तिथंच टाकून ती घरी गेली. ज्या पोराला तिनं रस्ता ओलांडतानासुद्धा दोन्हीकडं बघायला शिकवलं, तो विचारल्याशिवाय विजेच्या तारेला हात लावेल, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. तिला भरपाई नको होती, कुणाला शिक्षा नको होती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तो शेवटी काय बोलला.

आमच्या सेक्शनचं तर भुस्कट झालं होतं. दिग्विजय हा आमच्यातला सगळ्यात जुना वायरमन, आवाजानं मोठा. तो उघड म्हणायचा की योगीराज खोटं बोलतोय, त्यानंच लाईन बंद आहे असं सांगितलं असणार. योगीराजची ड्युटी असली की कुणी चढत नसे. कामं पडून राहिली. योगीराज चहाच्या टपरीवर आला की माणसं कप खाली ठेवून उठायची. तो बोलायचाच बंद झाला. पंधरवड्यात त्याचा शर्ट खांद्यावरून घसरायला लागला.

आमच्या मॅडम, म्हणजे कनिष्ठ अभियंता, तेव्हा नुकत्याच आलेल्या. त्यांनी ठरवलं की येत्या सोमवारी श्रद्धांजली वाहू, सुरक्षेची शपथ घेऊ आणि कामाला लागू. त्यांचंही चूक नव्हतं. वरून रोज फोन येत होते. फोटोला हार घातला होता. शपथेला सगळ्यांनी हात पुढं केले होते, आणि तेवढ्यात फाटकातून हुसेनबी चाची आत आली. डोक्यावरचा पदर नीट करत ती लिंबाखाली येऊन उभी राहिली.

"कोन बोल्लं व्हतं माझ्या अल्ताफशी?" ती म्हणाली. "त्यो शेवटी काय बोल्ला, तेवडं सांगा. म्या जाते मग."

मग दिग्विजय उसळला. "इचारा की ह्याला!" त्यानं योगीराजकडं बोट केलं. "तोंड शिवून बसलाय! बोल की रं आता!"

योगीराज भिंतीला टेकला. दोघंतिघं दिग्विजयला धरायला धावले. मॅडम "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत राहिल्या. मला वाटलं, आता इथं मारामारी होणार आणि चाचीच्या डोळ्यांदेखत होणार.

आप्पांनी आतून सतरंजी आणली आणि लिंबाखाली अंथरली. तोवर आप्पांच्या मिटिंगमध्ये कुणी कधी बसलं नव्हतं. "बसा," ते म्हणाले. "भाभी, तुमी बी बसा. मॅडम, तुमी पण या, बसा." त्यांनी आम्हाला गोलात बसवलं. दिग्विजयला आपल्या शेजारी घेतलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. योगीराजला समोर बसवलं, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहू दिली नाही. एका बाजूला मी होते.

"भाभीनं एक गोष्ट इचारलीय," आप्पा म्हणाले. "ती एकट्या योगीराजची न्हाय. त्या दिशी सकाळपासनं आपून काय केलं, ते ज्यानं त्यानं सांगायचं. सोताचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय. दुसरा बोलताना मदी पडायचं न्हाय. आन् कुणी 'व्हय' म्हनायचं न्हाय." ते जरा थांबले. "पैलं म्या सांगतो."

मग आप्पांनी सांगितलं. नेहमीच्याच आवाजात, कामं सांगावीत तसं.

"म्या सकाळी मिटिंग घेतली. इचारलं, दांडा सगळ्यांकडं हाय नव्हं? तुमी म्हनला, व्हय. मला ठावं व्हतं, दांडा एकच हाय. तरी म्या फुडचं काम सांगितलं. म्या इचारलं, परमिटबगर कुणी चढत न्हाय नव्हं? तुमी म्हनला, व्हय. व्हय म्हंजी काय? चढतो का चढत न्हाय? म्या इचारलं न्हाय. मला मिटिंग लवकर संपवायची व्हती. माझी मिटिंग लवकर संपती म्हनून साहेब माझं नाव घेत्यात. मला त्ये ग्वाड लागायचं."

एवढं बोलून ते गप्प झाले. ती शांतता मला सोसेना. कुणीतरी बोलून ती मोडावी असं वाटत होतं. मॅडमनी तोंड उघडलं, तर आप्पांनी नुसता हाताचा तळवा वर केला आणि त्या थांबल्या. रस्त्यावरून ट्रक जात होते. चाची आप्पांच्या तोंडाकडं बघत होती.

मग आप्पा माझ्याकडं वळले. सगळ्यात नवीन वायरमन आधी. जुने आधी बोलले की नवे त्यांचीच री ओढतात, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. मी म्हणाले की मी त्या दिवशी तक्रारींच्या खिडकीवर होते आणि सकाळी सगळ्यांबरोबर मीही 'व्हय' म्हटलं होतं. मग एकेक जण बोलायला लागला. एक म्हणाला, परमिट मी कधीच नंबर घेऊन घेत नाही, ओळखीचा आवाज आला की चढतो. दुसरा म्हणाला, मी पण. मॅडम म्हणाल्या, नवीन दांड्याची मागणी माझ्या आधीच्या साहेबांनी केली होती, तो दांडा आला का हे मी आल्याआल्या विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. हे ऐकताना मला पहिल्यांदा त्या माझ्याच वयाच्या आहेत हे जाणवलं.

दिग्विजयची पाळी आली. तो केव्हापासून मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटत होता.

"दांडा माज्याकडं व्हता," तो म्हणाला. "माज्या गाडीला बांदलेला. त्या दिशी मला लागला बी न्हाय. अल्ताफनं सकाळी मागितला व्हता. म्या म्हनलो, संद्याकाळी ने." मग तो इतक्या मोठ्यानं रडला की रस्त्यावरचं माणूस फाटकाशी येऊन थांबलं. आप्पांचा हात त्याच्या गुडघ्यावरच होता. तो रडायचा थांबेपर्यंत आप्पांनी त्याला काही म्हटलं नाही, आणि आम्हालाही म्हणू दिलं नाही.

मग फक्त योगीराज राहिला.

त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि मला वाटतं, त्यामुळंच तो बोलू शकला. त्यानं चाचीकडं तोंड केलं.

"त्याचा फोन आल्ता, चाची. आवाज तुटत नव्हता. त्यो म्हनला, 'योग्या, शेतीची लाईन बंद कर, चढतो.' म्या म्हनलो, 'व्हय?' म्हंजी, आत्ताच? थांब की जरा, असं इचारायचं व्हतं मला. माजं फुडचं बोलनं व्हायच्या आदी त्यानं फोन ठिवला. मला वाटलं, नंबर घ्यायला परत करंल. तवर दुसरा फोन वाजला, कुणाच्या तरी मोटारीची तक्रार. त्यो घेतला. आन् लाईनीचा ब्रेकर आपोआप पडला. ब्रेकर पडला तवाच मला कळलं."

मग तो म्हणाला, "त्येला वाटलं, म्या व्हय म्हनलो. म्या व्हयच म्हनलो व्हतो, चाची. पर इचारत व्हतो. हे जबाबात कसं सांगायचं? कोन मानंल?"

खरंच कसं सांगणार? तो सूर जबाबात उतरत नाही. 'ऑपरेटर व्हय म्हणाला,' एवढंच उतरतं. एका शब्दाचं टोक जरा वर गेलं होतं, आणि शेतातल्या वाऱ्यात ते अल्ताफला ऐकू आलं नव्हतं.

हुसेनबी चाची आमच्याशी नेहमी मराठीत बोलायची. आता ती आमच्याशी बोलतच नव्हती.

"पुछ्या था," ती म्हणाली. "मेरा बच्चा पुछ्या था. पुछे बगैर नै चढ्या."

मग ती रडली. ती उठली तेव्हा आप्पा तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले. योगीराजनं हात जोडले होते. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण काही म्हणाली नाही. माफ केलं असं म्हणाली नाही, शापही दिला नाही. काहीतरी म्हणावं अशी माझी फार इच्छा होती, आणि आता वाटतं, ती माझी हाव होती.

त्याच दिवशी योगीराजनं मॅडमसमोर नवा जबाब दिला. त्याला निलंबित केलं. पण कागदावरचं 'परवानगी न घेता' हे अल्ताफच्या नावापुढून निघालं. गावात ते पोचवायचं काम दिग्विजयनं केलं. तो गिरणीत गेला, टपरीवर गेला, मशिदीपुढच्या कट्ट्यावर गेला, आणि आपल्या दांड्याची गोष्ट सगळ्यांना सांगत सुटला. "पोरगं इचारून चढलं व्हतं," हे तो एवढ्या मोठ्यानं सांगायचा की माणसं त्याला गप्प करायची.

पुढच्या सोमवारपासून आप्पांची मिटिंग सतरंजीवर व्हायला लागली आणि 'व्हय' बंद झाला. सुरुवातीला वैताग आला. जीभ सवयीनं 'व्हय' म्हणायची, आणि आप्पा म्हणायचे, "काय करनार, ते सांगा, वैष्णवीताई." ताई म्हटलं की मी समजायची. मिटिंग लांबत गेली. भांडणं झाली. माणसं एकमेकांना विचारायला लागली: शिडीचा पाय हलतो, तो कोण बसवणार? पावसात फोन लागत नाही तेव्हा काय करायचं? पूर्वी ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नसे, त्या सतरंजीवर यायला लागल्या. काही सुटल्या, काही आजही तशाच लोंबकळत आहेत. दोन्ही टोळ्यांना दांडे आले. साहेब लोकांनी आप्पांना विचारलं, तुमची मिटिंग हल्ली एवढी लांबते कशी? आप्पा म्हणाले, "पैल्यांदाच व्हायलीय, म्हनून लांबतीय."

आप्पा बदलले, पण सुखी झाले असं मी म्हणणार नाही. अल्ताफच्या पोलवरून जाताना ते गाडी हळू करायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, आप्पा, तुमची एकट्याची चूक नव्हती. ते म्हणाले, "ठावं हाय. वाटून घेतली तरी माज्या वाट्याची माज्याजवळच राहती."

काही महिन्यांनी योगीराज कामावर परत आला. ऑपरेटर म्हणूनच, कारण दुसरा माणूस नव्हता. पहिल्याच आठवड्यात हुसेनबी चाचीच्या गल्लीतल्या पोलवरची तार पेलणारी चिनी मातीची चिमणी तडकली आणि निम्मं गाव अंधारात गेलं. आम्ही पोलखाली जमलो. ड्युटीवर योगीराज आहे हे कळल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, ड्युटी बदलल्यावर करू. दिग्विजयसुद्धा काही बोलला नाही. सतरंजीवर रडणं वेगळं आणि त्या आवाजाच्या भरवशावर तारेला हात लावणं वेगळं. मीही पट्ट्याला हात लावला नाही.

आप्पांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी चढणं कधीच सोडलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पट्टा घेतला आणि कमरेला बांधला. फोन लावून स्पीकरवर टाकला.

"योगीराज, गावठाणाची लाईन बंद करायचीय. भाभीच्या गल्लीतला पोल हाय. म्या सोता चढनार हाय."

फोनमधून नुसती घरघर आली. आम्ही सगळे त्या फोनकडं बघत उभे. आप्पांनी घाई केली नाही. त्या दिवशी सतरंजीवर थांबले होते तसेच ते थांबले.

"आप्पा," योगीराजचा आवाज आला. "तुमी गावठाणाच्या लाईनीवर चढनार हाय. मला ती बंद करायचीय. फोन चालू ठिवा." पावलं ऐकू आली. मग त्यानं ब्रेकर पाडल्याचा धप्प आवाज. पावलं परत आली. "गावठाणाची लाईन म्या सोता बंद केली. माज्या हातानं. बगून आलो." त्यानं परमिटचा नंबर सांगितला. आप्पांनी तो पुन्हा म्हणून दाखवला. दिग्विजयनं पुढं होऊन दांडा तारांवर अडकवला.

आप्पा शिडीकडं वळले, तर समोर हुसेनबी चाची उभी होती. ती दारातून कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिनं हात पुढं केला. आप्पांनी फोन तिच्या हातात दिला.

"योगीराज, म्या हुसेनबी," ती म्हणाली. "परत सांग."

मग त्यानं सांगितलं. पुरतं सांगितलं, पहिल्यापासून, लाईनीचं नाव, कुणी बंद केली, नंबर. मध्ये एकदा आवाज गेला, तो त्यानं परत आणला. चाची शेवटपर्यंत ऐकत राहिली. एवढं ऐकून झाल्यावर दुसरं कुणीही मान हलवून 'हौ' म्हणालं असतं.

चाचीनं फोन आप्पांना परत दिला.

"लाईन योगीराजनं सोता बंद केलीय," ती म्हणाली. "बगून आलाय. दांडा टाकलाय. चढा आता."

आप्पांनी पट्टा एकदा ओढून पाहिला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ते उतरेपर्यंत चाची मान वर करून खाली उभी राहिली.